ई-संजीवनी आणि आभा: डॉक्टरांची भेट वेगळी, आजाराची नोंद वेगळी

‘आभा कार्ड काढलंय, म्हणजे आता मोबाइलवर डॉक्टर मिळतील ना?’ किंवा ‘ई-संजीवनीवर दाखवलंय, म्हणजे माझी सगळी माहिती ऑनलाइन असेलच.’ हे दोन्ही समज सर्रास आढळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. गल्लत होण्याची कारणं मात्र समजण्यासारखी आहेत. दोन्ही सोयी केंद्र सरकारच्या, दोन्हींना मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो. गावात दोन्हींची ओळखही बहुतेक एकाच आरोग्य कर्मचाऱ्याच्या तोंडून, एकाच शिबिरात होते. त्यात जून २०२२ मध्ये ई-संजीवनी आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे आभा ज्याचा भाग आहे त्या केंद्राच्या अभियानाशी, जोडली गेली आणि त्या ॲपमधूनच आभा काढण्याची सोय झाली.

ई-संजीवनी म्हणजे टेलिमेडिसिन, दूर बसलेल्या डॉक्टरांशी होणारी भेट. ती दहा मिनिटांत संपते. आभा म्हणजे चौदा अंकी क्रमांक. तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेली असतात. ती सगळी एकाच व्यक्तीची आहेत हे त्यावरून ओळखता येतं. त्याचा उपयोग वर्षानुवर्षं व्हायला हवा. भेट आणि नोंद यांतला हा फरक कळला नाही तर नुकसान रुग्णाचंच होतं, म्हणून तो नीट सांगायला हवा.

आधी भेटीबद्दल. भारतात टेलिमेडिसिन काही कोविडने आणलेलं नाही. इस्रोने २००१ पासूनच उपग्रहाच्या मदतीने दूरची रुग्णालयं मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली होती. मात्र डॉक्टरांनी फोनवर बघून औषध लिहून दिलं तर ते नियमात बसतं का, याचं स्पष्ट उत्तर बरीच वर्षं नव्हतं. ते मिळालं २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी. टेलिमेडिसिनची नियमावली त्या दिवशी जाहीर झाली आणि व्हिडिओ, फोन, लेखी संदेश या तिन्ही मार्गांनी सल्ला देण्याला मान्यता मिळाली. डॉक्टरांनी नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा, रुग्णाची ओळख पटवायची, आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान होणार नसेल तर तसं सांगून रुग्णाला दवाखान्यात बोलवायचं, असं तिच्यात आहे. नशा आणणारी आणि मनावर परिणाम करणारी नियंत्रित औषधं अशा भेटीत लिहून देता येत नाहीत.

ई-संजीवनी तयार केली मोहालीच्या सी-डॅकने, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने. तिचे दोन प्रकार आहेत. एकात रुग्ण घरूनच स्वतःच्या मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलतो; तो १३ एप्रिल २०२० ला सुरू झाला. दुसरा त्याच्याही आधीचा, नोव्हेंबर २०१९ चा. त्यात रुग्ण गावातल्या आरोग्य उपकेंद्रात येतो आणि तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, त्याच्या वतीने मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना गाठतात. माझ्या मते ग्रामीण भागासाठी खरा उपयोगी हा दुसराच प्रकार आहे, कारण त्यात रुग्णाजवळ एक जाणकार माणूस बसलेला असतो. बीपी मोजणारं, बोटाला सुई टोचून शुगर बघणारं, पायावरची सूज दाबून बघणारं कुणी नसेल, तर डॉक्टरांच्या पडद्यावर फक्त चेहरा आणि तक्रार येते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवर १० कोटी सल्ले झाले होते.

अशी भेट जवळून पाहिली की तिचा नेमका अडसर दिसतो. साठीच्या काकू समोर बसल्या आहेत. सीएचओ बीपीचा पट्टा बांधतात, आकडा स्क्रीनवर भरतात आणि विचारतात, ‘काकू, बीपीची गोळी कुठली चालू आहे?’ काकू पिशवीतून एक स्ट्रिप काढतात. गोळ्या संपत आलेल्या, नाव छापलेला कोपरा फाटलेला. ‘ही बघा ताई, पांढरी, सकाळी एक.’ तालुक्याच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी रक्त तपासलं होतं का? ‘तपासलं होतं, पण तो कागद मुलाकडे असेल.’ पलीकडे डॉक्टर ऑनलाइन आहेत, कॉल लागलाय, आवाज स्वच्छ येतोय. टेलिमेडिसिनने आपलं काम चोख केलंय. तरीही ती गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, किडनीचा रिपोर्ट कसा आला होता, यातलं काहीही डॉक्टरांना कळत नाही. इथे नोंद हवी होती, आणि नोंद पुरवणं हे व्हिडिओ कॉलचं काम नाही.

नियमावलीतही ही गरज दिसते. बीपी-मधुमेहाच्या चालू गोळ्या पुन्हा लिहून देणं, किंवा चालू गोळीला आणखी एखादी जोडणं, या गोष्टी तिने पाठपुराव्याच्या भेटीत ठेवल्या आहेत. पाठपुरावा म्हणजे त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांशी, प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत झालेली भेट. म्हणजे आधी काय झालं हे माहीत असणं गृहीतच धरलेलं आहे. पण ती माहिती कुठल्या यंत्रणेत, कुठल्या स्वरूपात ठेवायची आणि एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे कशी जायची, हे विषय याच नियमावलीने आपल्या कक्षेबाहेर असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. त्यासाठी वेगळी मानकं आहेत. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं केंद्राने २०१३ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये सुधारली.

आता आभा. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला झाली. सुरुवातीला ते सहा केंद्रशासित प्रदेशांत चाललं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर लागू झालं. आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरून आभा क्रमांक निघतो. तो काढणं ऐच्छिक आहे, आणि नाही म्हणून कुणाला उपचार नाकारता येत नाहीत. आभा आणि आयुष्मान कार्ड यांचीही गल्लत होते, तर तेही इथेच सांगून टाकतो: पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं संरक्षण आयुष्मान कार्डाचं, आभाला विम्याशी काही देणंघेणं नाही.

आभा काढल्यावर माहिती कुठे जाते? बऱ्याच जणांना वाटतं, दिल्लीत एखादा मोठा सर्व्हर आहे आणि देशातले सगळे रिपोर्ट त्यात जमा होतात. रचना तशी नाही. एक्स-रे ज्या रुग्णालयात काढला, त्याची नोंद त्याच रुग्णालयाकडे राहते. आभामुळे फक्त ही नोंद कुणाची आणि कुठे आहे एवढं कळतं. दुसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल तर ते विनंती पाठवतात आणि ती तुमच्या फोनवर येते. स्क्रीनवर दिसतं: कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी हव्यात, त्यात चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज समरी यांपैकी काय काय हवं, आणि ही परवानगी कधी संपणार. यातलं एखादं तुम्ही वगळू शकता, मुदत कमी करू शकता, सरळ नकार देऊ शकता, दिलेली परवानगी मागेही घेऊ शकता. हा भाग मला मनापासून आवडतो. रुग्णाला विचारल्याशिवाय त्याची फाईल हलणार नाही, हे तत्त्व कागदी कारभारात कधीच पाळलं गेलं नव्हतं.

पण नुसत्या क्रमांकाला अर्थ नाही. ज्या आभाला एकही नोंद जोडलेली नाही, ते पैसे न भरलेल्या बँक खात्यासारखं आहे. कित्येक रुग्णालयांत आभाचा वापर केसपेपर काढण्यापुरता होतो: दारावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता खिडकीवर पोचतो आणि टोकन मिळतं. रांग कमी होते, ते चांगलंच आहे. मात्र आत डॉक्टर पेनानेच लिहीत असतील, लॅबचा रिपोर्ट कागदावरच मिळत असेल, तर आभाच्या मागे काहीच साठत नाही. म्हणून इतके कोटी आभा निघाले ही घोषणा मला पुरेशी वाटत नाही. किती नोंदी जोडल्या गेल्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या किती पुढच्या कुठल्यातरी डॉक्टरांनी उघडून वाचल्या, हे विचारायला हवं.

दोन्ही यंत्रणा कोलमडतात त्याही वेगळ्या कारणांनी. टेलिमेडिसिनला त्या क्षणी नेटवर्क, वीज आणि पलीकडे मोकळे असलेले डॉक्टर लागतात. यातलं एक नसेल तर भेट होत नाही, पण उद्या पुन्हा प्रयत्न करता येतो. नोंदीचं तसं नसतं. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असताना डॉक्टरांना किंवा नर्सना टाइप करायला वेळ मिळाला नाही, तर ती माहिती कायमची गेली. त्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्षभराने दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर कळतं. आणि जिथे सगळं कॉम्प्युटरवर गेलंय तिथे धोका उलट बाजूने येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या त्या अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस हाताने केसपेपर लिहून काम चालवावं लागलं.

गोपनीयतेचा प्रश्नही दोन्हींकडे सारखा नाही. उपकेंद्रातल्या भेटीत चिंता असते ती खोलीत आणखी कोण बसलंय याची. पाळीच्या त्रासाबद्दल, मनाच्या त्रासाबद्दल शेजारणीसमोर कोण बोलणार? दार लावणं, बाकीच्यांना बाहेर थांबवणं हा त्यावरचा उपाय, आणि तो सीएचओंच्या हातात असतो. नोंदीच्या बाबतीत चिंता फोनची. घरात एकच मोबाइल असेल आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल, तर ओटीपी त्याच्याकडे, परवानगीची विनंती त्याच्याकडे आणि रिपोर्टही त्याच्यासमोर. संमतीची सुंदर रचना तिथे बाईच्या उपयोगाला येत नाही. हा दोष तंत्रज्ञानाने झटकून टाकण्यासारखा नाही, आणि आभा काढून देताना हे कुणीतरी बाईला एकटीला गाठून सांगायला हवं.

नोंद नियमितपणे भरली जाते कुठे, हे पाहायचं असेल तर क्षयरोग कार्यक्रमाकडे पाहावं. ‘निक्षय’ हे पोर्टल २०१२ पासून चालू आहे. टीबीच्या रुग्णाला तिथे एक क्रमांक मिळतो आणि त्याने गाव बदललं, खासगीतून सरकारी दवाखान्यात आला, तरी उपचार त्याच क्रमांकावर पुढे चालतात. एप्रिल २०१८ पासून पोषण आहाराचे पैसेही याच नोंदीवरून थेट खात्यात जमा होऊ लागले. नोंद नाही तर पैसे अडतात, म्हणून रुग्ण विचारत राहतो आणि कर्मचारी भरत राहतो. नोंदीवर कुणाचं तरी रोजचं काम अवलंबून असेल तरच ती जिवंत राहते, असं मला यातून दिसतं. बीपी-मधुमेहाच्या रुग्णांसाठी तसा धागा अजून घट्ट बांधला गेलेला नाही.

आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर, दोन्हींतून आधी एकच नीट करायचं झालं तर मी नोंद निवडेन. व्हिडिओ कॉलचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतात, आकडा लगेच वाढतो. नोंदीचं काम कंटाळवाणं, संथ आणि न दिसणारं असतं. पण जुनाट आजारांच्या रुग्णांना डॉक्टर अधूनमधून तरी भेटतात. त्यांचा खरा खोळंबा होतो तो दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते म्हणून. तीच तपासणी पुन्हा, तेच प्रश्न पुन्हा, आणि त्यासाठी एका दिवसाची मजुरी पुन्हा बुडते.

तुमच्या हातात काय आहे? ई-संजीवनीवर बोलायला जाताना आधीच्या चिठ्ठ्या, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या स्ट्रिप, नाव छापलेला भाग शाबूत ठेवून, सोबत न्या. बोलणं झाल्यावर येणारी चिठ्ठी मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. आभा असेल तर केसपेपर काढतानाच तो क्रमांक द्या, आणि निघताना खिडकीवर विचारा, ‘आजचा रिपोर्ट माझ्या आभाला जोडला का?’ अनेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच येईल. तरी विचारा, कारण कुणी विचारलंच नाही तर जोडण्याची सवय लागणार नाही. आणि दाखल होऊन उपचार घेतले असतील तर कागद मागायला संकोच करू नका. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं सांभाळायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. त्यासाठी ना ॲप लागतं, ना ओटीपी. साधा लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.