ल्युपसमधील फुप्फुसावरणद्रवाची स्वप्रतिपिंड-तपासणी

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस या आजारात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही स्वप्रतिपिंडे रक्तात असतातच. पण फुप्फुसावरणाला सूज येऊन त्याच्या दोन पदरांमध्ये द्रव साचला, म्हणजे ‘छातीत पाणी झाले’, तर त्या द्रवातही सापडतात. ल्युपसच्या निदानात त्यांना किती वजन द्यावे, हा या तपासणीतला खरा प्रश्न आहे.

याची सुरुवात एका पेशीपासून झाली. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज, रिचमंड आणि मॉर्टन यांनी अस्थिमज्जेत ‘एलई पेशी’ पाहिली. प्रतिपिंडे चिकटलेले दुसऱ्या पेशीचे केंद्रक या पांढऱ्या पेशीने गिळलेले असते. पुढे अशा पेशी छातीतून काढलेल्या पाण्यातही दिसल्या. त्या क्वचित दिसतात, पण दिसल्या तर ल्युपसचा संशय फार बळावतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थर पाहणाऱ्या डॉक्टरांनी त्या ओळखल्या, तर ल्युपसची शंकाही नसलेल्या रुग्णाच्या निदानाला दिशा मिळू शकते.

नंतर एएनए, म्हणजे केंद्रकविरोधी प्रतिपिंडांची चाचणी आली. नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करत नेतात आणि किती पातळ केल्यावरही प्रतिपिंडे दिसतात ते पाहतात. १:१६० पर्यंत दिसली, किंवा पाण्यातील प्रमाण रक्ताइतके वा त्याहून जास्त निघाले, तर ते पाणी ल्युपसचे, असे एकेकाळी मानले जाई. हा निकष टिकला नाही. पाण्यातील एएनए बहुतांशी रक्तातील पातळीमागे चालते, आणि कर्करोगामुळे साचलेल्या पाण्यातही ते भरपूर आढळू शकते. म्हणून रक्ताची चाचणी झालेली असेल, तर पाण्याच्या चाचणीतून सहसा नवे फार कळत नाही. उपयोग आहे तो उलट बाजूने: ल्युपसच्या रुग्णाच्या छातीतील पाण्यात एएनए सापडलेच नाही, तर डॉक्टरांनी संसर्ग, हृदय, मूत्रपिंडे किंवा कर्करोग अशी दुसरी कारणे शोधावीत.

ल्युपसच्या २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी वर्गीकरणात रक्तातील किमान १:८० एएनए ही प्रवेशाची अट आहे. त्यापुढे फुप्फुसावरणातील किंवा हृदयावरणातील पाण्याला ५ गुण, तर डीएनएविरोधी किंवा स्मिथविरोधी (केंद्रकातील ‘स्मिथ’ नावाच्या प्रथिनांविरुद्धच्या) प्रतिपिंडांना ६ गुण आहेत. एकूण किमान १० गुण लागतात. पाण्यातील एएनएला यात वेगळा गुण नाही, आणि ते योग्यच आहे.

भारतात हा विषय क्षयरोगापासून सुटा करता येत नाही. तरुण स्त्रीच्या छातीत पाणी झाले, ताप आहे, पाण्यात लिम्फोसाइट प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त आहेत, एवढ्यावर अनेकदा ‘एकेटी’, म्हणजे क्षयरोगाची औषधे सुरू होतात. क्षयरोग इथे खरोखरच जास्त आढळतो, त्यामुळे तो आधी मनात येणे चूक नाही. पण सांधे दुखणे, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठणे, केस गळणे, लघवीतून प्रथिने जाणे हे कोणीतरी विचारायला आणि तपासायला हवे. पाण्यातील एडीए (ॲडेनोसिन डिअमिनेज हे विकर) वाढलेले असले की क्षयाकडे कल जातो, मात्र ल्युपसमध्येही ते कधीकधी वाढते. पाण्यातील साखर ल्युपसमध्ये बहुधा ठीक असते. रुमॅटॉइड संधिवातामुळे छातीत साचलेल्या पाण्यात ती खूप खाली जाते.

आणखी एक गुंता म्हणजे क्षयरोगाचे आयसोनियाझिड हे औषध स्वतःच क्वचित ल्युपससारखा आजार निर्माण करते. त्यात फुप्फुसावरणाला सूज येऊ शकते आणि रक्तात हिस्टोनविरोधी (केंद्रकात डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेले असते त्या प्रथिनांविरुद्धची) प्रतिपिंडे आढळतात. डॉक्टरांनी ते औषध थांबवल्यावर हा आजार सहसा ओसरतो.