निफाडचा पारा, बेळगावची कानटोपी

डिसेंबर उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर ‘राज्य गारठले’ हे वाक्य हमखास कानावर पडते. हे राज्य कोणते, असे सहसा कोणी विचारत नाही. मुंबईहून चालणाऱ्या वाहिनीवर ते महाराष्ट्र असते आणि पडद्यावरचा आकडा नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा असतो. कन्नड वाहिनी लावली तर ते कर्नाटक असते आणि आकडा बहुधा बिदर किंवा विजापूरचा असतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागाचा कारभार एका भाषेत आणि घरातले वाचन दुसऱ्या भाषेत चालत आले आहे. त्यामुळे इथल्या माणसाच्या वाट्याला थंडीसुद्धा दोन्हीकडून, आणि दोन्हीकडची उसनीच येते.

गावची स्वतःची थंडी तशी बेताची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीतले सरासरी किमान तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी स्वेटर अंगावर ठेवणे जड जाते. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले पाहिजे आणि शिवाय ते नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले पाहिजे. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. म्हणजे बेळगावात ‘लाट’ हा शब्द वापरायला पारा साडेनऊच्या घरात यावा लागतो. तशा पहाटा क्वचित येतात, आणि ‘लाट’ हा शब्द मात्र दर हिवाळ्यात येतो.

हा शब्द एवढा स्वस्त कसा झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. बेळगावात बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केला, १९५० मध्ये धारवाड आकाशवाणी केंद्र आले. पण त्यानंतरही अनेक वर्षे दैनिकांतले हवामान म्हणजे आतल्या पानावरची एक चौकट होती, ज्यात कमाल, किमान आणि पावसाचे मिलिमीटर एवढेच असे. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या एकामागून एक उभ्या राहिल्या आणि त्यांना पहाटेच्या वेळेस दाखवायला काहीतरी हवे होते. थंडी ही त्यासाठी फार सोयीची बातमी ठरली, कारण ती रोज असते, तिला खर्च नाही, तिच्यावर कोणी खुलासा मागत नाही, आणि शेकोटीभोवती बसलेली चार माणसे कोणत्याही गावात सापडतात.

आकडा कुठून उचलला जातो, हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. निफाडचा प्रसिद्ध पारा तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजला जातो आणि २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो २ अंशांखाली उतरला होता. तो आकडा खरा आहे. पण तो निफाडच्या मोकळ्या शिवाराचा आहे. कर्नाटकात १९८८ मध्ये दुष्काळाच्या नोंदींसाठी सुरू झालेल्या कक्षाचे पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र झाले आणि होबळी, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या, पातळीपर्यंत स्वयंचलित हवामान यंत्रे बसली. शेतीच्या दृष्टीने ही सोय मोठीच आहे, पण नोंदीची ठिकाणे वाढली की त्यांतले एखादे दररोज फारच थंड निघणार हे उघड आहे, आणि मथळ्यात जागा त्या एकालाच मिळते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची छायाचित्रेही याच जातीची आहेत. अधिकृत तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजतात. निरभ्र रात्री गवताचे पाते त्याहून कितीतरी अंशांनी थंड होते, म्हणून हवा शून्याच्या बरीच वर असतानाही दव गोठू शकते.

मोबाइलने यात ‘जाणवणारे तापमान’ नावाची भर घातली. वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याचे गणित मुळात अंटार्क्टिकातल्या प्रयोगांतून आले. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिका-कॅनडाने २००१ मध्ये ते सुधारले. अमेरिकेच्या हवामान सेवेत हे सूत्र १० अंश किंवा त्याखालच्या हवेलाच लावतात. त्याच देशात एका खासगी हवामान वाहिनीने २०१२ पासून हिवाळी वादळांना नावे द्यायला सुरुवात केली, सरकारी सेवेने ती स्वीकारली नाहीत, तरी नावे चालू राहिली. तेव्हा हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे.

परिणाम माणसांच्या वागण्यात दिसतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी सकाळचे फिरणे बंद केले. मी त्यांना आमच्या पडवीतला तापमापक दाखवला, तो १५ वर होता. ‘टीव्हीवर सहा दाखवालेत की हो,’ म्हणत त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली. न्हाणीघरातल्या खोबरेलाची बाटली थिजली होती, हा त्यांचा दुसरा पुरावा. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागते, हे सांगून उपयोग झाला नाही. कानटोपीने कोणाचे बिघडत नाही म्हणा. पण भीतीपोटी दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते, कारण बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. वाहिन्यांवरच्या ‘हुडहुडी’च्या अर्ध्या तासात या एका वाक्याला जागा मिळालेली मी फारशी पाहिलेली नाही.

शेतीच्या बाबतीत ‘पिकांना फटका’ हा मथळाही तसाच सरसकट असतो. अथणीकडच्या द्राक्षबागायतदाराला पारा फार उतरणे खरोखर परवडत नाही, मण्यांची फुगवण थांबते. उलट बेळगावालगतच्या येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या शिवारात भात निघाल्यावर पेरलेला मसूर आणि हरभरा थंडी आणि दवावरच पोसतो. तिथला शेतकरी थंडी न पडण्याला भितो. हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की बेंगळूरुहून आलेली मंडळी बेळगावच्या गारठ्यावर आवर्जून बोलतात आणि त्याचीही बातमी होते, वास्तविक बेंगळूरु बेळगावपेक्षा अधिक उंचीवर आहे.

याच दिवसांत ऊसपट्ट्यात तोडकऱ्यांच्या पालांवर लहान मुले उघड्या माळावर, पाचटाच्या अंथरुणावर झोपलेली असतात आणि कोयते पहाटेच चालू होतात. तिथे १२ अंशही पुष्कळ झाले. मथळा मात्र त्या सकाळी निफाडचाच असतो.