पुडी, पंच आणि पंचनामा: गांजाच्या झडतीवर विश्वास का बसत नाही

गांजाच्या गुन्ह्यातले पंचनामे एकापाठोपाठ एक वाचले तर ते एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात. ‘खास बातमीदारामार्फत बातमी मिळाली’, ‘इसमाच्या हालचाली संशयास्पद वाटल्या’, ‘हिरवट रंगाची ओलसर पाने, फुले, काड्या, बिया, बोंडे असलेला उग्र वासाचा पदार्थ मिळून आला’. पकडलेला माणूस पुणे स्टेशनचा असो, कात्रजचा असो की वाघोलीच्या एखाद्या हॉस्टेलमधला, मजकूर तोच. शिवाजीनगरच्या न्यायालयात त्याच ठरलेल्या वाक्यांवर बचावाचा वकील बोट ठेवतो, आणि बाहेर लोक म्हणतात, ‘पोलिसांनीच टाकलं असेल’. असे म्हणणाऱ्यांतले बरेच जण गांजाचे समर्थक नसतात. त्यांचा भरवसा झडतीवर नसतो.

हा अविश्वास आजचा नाही. पुण्यात कोतवालाविषयीची भीती पेशवाईतल्या घाशीराम सावळदासापर्यंत मागे नेता येते. पण घरात शिरणारा सरकारी माणूस आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायला हातात काहीच नसणे, हा अनुभव शहराने सर्वांत कडवटपणे घेतला तो १८९७ मध्ये. प्लेगच्या साथीत वॉल्टर रँडच्या समितीखाली गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी मार्च ते मे या काळात पेठांमधली घरे तपासली. देवघरात बूट घालून जाणे, सामान रस्त्यावर आणून जाळणे, बायकांची उघड्यावर तपासणी अशा तक्रारींनी त्या वेळची मराठी वर्तमानपत्रे भरलेली आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ती घटना सर्वांना माहीत असते.

त्याच उन्हाळ्यात घडलेली दुसरी गोष्ट झडतीच्या कायद्याच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथल्या वर्तमानपत्रात मांडला. परत आल्यावर त्यांना तो सिद्ध करता आला नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते आणि झडत्यांची स्वतंत्र नोंद कुठेच नव्हती. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. झडती घेणारा आणि नोंद ठेवणारा एकच असला की तक्रार करणाऱ्याच्या हातात काय उरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण या शहरात दुसरे सापडणार नाही. त्याच सुमारास पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवले गेले.

अर्थात पोलिसांवर आंधळा विश्वास कायद्यानेही कधी टाकला नव्हता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम २५ मध्येच सांगितले. झडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, ही अट १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०३ होती, १९७३ मध्ये ती कलम १०० झाली आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पुन्हा कलम १०३ मध्ये आली. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे आणि जप्त वस्तूंच्या यादीची सही केलेली प्रत त्याला द्यायची, ही तरतूदही त्याच माळेतली. ही प्रत न मागताही मिळायला हवी. न मिळाल्यास ती मागून घ्यावी, हे लक्षात ठेवावे.

गांजाचा स्वतःचा इतिहास मात्र बंदीने सुरू होत नाही. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली तो परवान्याने विकला जाई, सरकारला त्यातून महसूल मिळे. गांजा-भांगेच्या वापराची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरे, असा निष्कर्ष काढला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गांजा-भांग बाळगणे कलम ६६ खाली गुन्हा ठरवला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही करताना भारताने भांग-गांजाच्या पारंपरिक वापरासाठी २५ वर्षांची सवलत राखून ठेवली होती. ती संपायच्या आधीच १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू झाला. संसदेत त्याचा प्रवास जेमतेम काही आठवड्यांत आटोपला.

शिक्षेचे आकडे पुण्यात बहुतेकांना चुकीचे माहीत असतात. २००१ मध्ये कायदा बदलला आणि प्रमाणानुसार तीन पायऱ्या आल्या. गांजासाठी १ किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’: किमान १०, कमाल २० वर्षे आणि किमान १ लाख रुपये दंड. मधल्या प्रमाणासाठी १० वर्षांपर्यंत. चरसाचे आकडे वेगळे आहेत, १०० ग्रॅम आणि १ किलो, म्हणून पंचनाम्यात गांजा लिहिले की चरस, यावर माणसाची दहा वर्षे अवलंबून असू शकतात. नुसत्या सेवनाला कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत. जामिनाच्या कडक अटी, ज्या कलम ३७ मुळे सगळे घाबरतात, त्या गांजाच्या बाबतीत प्रामुख्याने व्यापारी प्रमाणाला लागतात. अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र आहे का, यावर मात्र खुद्द मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एक आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नेमके उलट मत दिले: आता या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरले जातात. त्यामुळे पन्नास ग्रॅमच्या पुडीसाठीही जामीन पोलीस ठाण्यात न होता न्यायालयात मागावा लागतो. एका रात्रीची कोठडी हीच खरी शिक्षा ठरते, आणि ‘इथेच मिटवून टाकू’ या कुजबुजीला जागा मिळते ती इथेच.

आता झडतीकडे. शिपाई दर्जाच्या पोलिसाला या कायद्याखाली झडतीचा अधिकार नाही. कलम ४२ प्रमाणे अधिकारी त्याच्या वरच्या दर्जाचा हवा. घरासारख्या बंद जागेसाठी त्याने मिळालेली बातमी आधी लिहून काढायची आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाला द्यायची. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटविना शिरायचे असेल तर वॉरंटसाठी थांबलो तर पुरावा नाहीसा होईल किंवा आरोपी पळेल असे का वाटले, त्याची कारणे लिहायची. रस्ता, एसटी स्टँड, हॉटेल अशा सार्वजनिक जागेला कलम ४३ लागते, तिथे हे लेखी बंधन नाही. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतलेली झडती ४२ खालची की ४३ खालची, यावर तासन्‌तास युक्तिवाद चालतात.

सर्वांत जास्त खटले अडतात ते कलम ५० वर. अंगझडतीपूर्वी माणसाला सांगावेच लागते की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेवसिंग प्रकरणात ही सूचना देणे बंधनकारक ठरवले. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात दुसऱ्या घटनापीठाने ‘साधारण पालन झाले’ एवढे पुरत नाही, काटेकोर पालन हवे, असे बजावले. प्रत्यक्षात काय होते? एक छापील नोटीस आधीच तयार असते. तिच्याखाली ‘मला माझा हक्क समजला, माझी झडती आपणच घ्यावी’ हे वाक्यही टंकलेले असते, आरोपीने फक्त सही करायची. मराठी न येणाऱ्या आसामच्या किंवा ओडिशाच्या मजुरानेही अस्खलित मराठीत हक्क सोडलेला असतो. दोघे पकडले तर दोघांना मिळून एकच नोटीस दिली जाते. २०१४ च्या परमानंद प्रकरणात नेमके हेच खटकले: हक्क प्रत्येकाला स्वतंत्र सांगायला हवा, आणि छापा पथकातल्याच अधिकाऱ्याकडून झडती घेण्याचा तिसरा पर्याय पुढे करणे कायद्यात बसत नाही.

आणि इतके कडक कलम एका सॅकपाशी येऊन थांबते. २००५ मध्ये पवनकुमार प्रकरणात न्यायालयाने म्हटले की पिशवी, बॅग म्हणजे अंग नव्हे, तिला कलम ५० लागत नाही. २०२३ मध्ये हेच पुन्हा पक्के केले. खिशातल्या पुडीला जे संरक्षण आहे ते पाठीवरच्या सॅकमधल्या पुडीला नाही. कॉलेजातल्या मुलांना ही रेषा ठाऊक नसते, पथकाला मात्र पुरती ठाऊक असते. आमच्या मते हा निकालांमधला सर्वांत दुबळा धागा आहे, कारण पुडी सरकवायला खिशापेक्षा सॅक सोपी.

वजनाचा घोळ वेगळाच. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. (भांग त्यामुळेच केंद्रीय कायद्यातून सुटते, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायदा तिला धरतो.) पथकाने पोत्यासकट सगळे काट्यावर टाकले, देठ-काड्या वेगळ्या केल्या नाहीत, तर २१ किलो खरोखर २१ आहे का हा प्रश्न उभा राहतो, आणि २० किलोच्या रेषेवर तो दहा वर्षांचा प्रश्न असतो. ओला माल काही महिने मुद्देमाल कक्षात राहिला की सुकतो, न्यायालयात पुन्हा मोजला की वजन घटलेले. पुड्या दहा असतील आणि सगळ्या एकत्र ओतून एकच नमुना काढला, तर प्रत्येक पुडीत गांजाच होता हे कशावरून?

नमुना गांजाचा असेल तर २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत. पूर्वी तो जागेवरच काढला जाई. २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२-अ कडे बोट दाखवले: यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर व्हायला हवेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे नियमही आले. तरी जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की केवळ ५२-अ ची चूक झाली म्हणून खटला आपोआप पडत नाही, बाकीचा पुरावा भक्कम आहे का ते पाहायचे. सीलबंद पाकीट गणेशखिंडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते आणि परत येतो तो सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. तपासायच्या गोष्टी साध्या आहेत: लाखेवरचा ठसा पंचनाम्यात उमटवला आहे का, प्रयोगशाळेने तोच ठसा नोंदवला का, मुद्देमाल रजिस्टरमधली तारीख आणि पाकीट घेऊन जाणाऱ्याची नोंद जुळते का. मधले चार-पाच दिवस पाकीट कुणाच्या ताब्यात होते याचे उत्तर नसेल, तर बाकी सारे असून उपयोग नाही. मे २०२४ मधल्या कल्याणीनगर अपघातानंतर ससून रुग्णालयात आरोपी चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा नमुन्याचा प्रवास हा विषय पुण्यात पहिल्यांदाच चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या प्रकरणातला कैदी त्याच रुग्णालयातून पळाला आणि पोलीस निलंबित झाले होते.

पंचांची गोष्ट थोडक्यात. वस्तीतले प्रतिष्ठित रहिवासी सहसा येत नाहीत, कारण पुढची तीन-चार वर्षे कोर्टाच्या तारखा कोण करणार? मग ठाण्याच्या ओळखीतला, अनेक पंचनाम्यांवर सही असलेला माणूस उभा राहतो, आणि उलटतपासणीत त्याचे पितळ उघडे पडते, किंवा तो सरळ फितूर होतो. यावर उपाय म्हणून गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचारी पंच घेण्याचा प्रघात महाराष्ट्रात रुळला. ते फितूर कमी होतात, पण ‘स्वतंत्र’ किती, हा प्रश्न उरतोच. एक जुनी चांगली पद्धत आहे: झडतीपूर्वी पंचांनी पथकाचीच झडती घ्यायची. पंचनाम्यात ते वाक्य असते. ती खरोखर घेतली जाते का, हे पंचाला विचारावे.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले. मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. ही तरतूद फार आधी यायला हवी होती. त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट २०२४ मध्ये, मुंबईत कालिना भागात पोलीस एका माणसाच्या खिशात काहीतरी सरकवताना दिसले आणि चार पोलीस निलंबित झाले. ते पकडले गेले ते खासगी सीसीटीव्हीमुळे. मोबाइलवरचे चित्रीकरण पुडी ‘सापडल्या’च्या क्षणापासून सुरू होत असेल तर त्याचा उपयोग नाही. ते बातमीची नोंद झाल्यावर, पथकाच्या स्वतःच्या झडतीपासून सुरू व्हायला हवे आणि सील लागेपर्यंत न तुटता चालायला हवे.

खोट्या किंवा त्रास देण्यासाठी घेतलेल्या झडतीबद्दल कायद्यात शिक्षा आहे. कलम ५८: अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुद्दाम खोटी बातमी देऊन झडती किंवा अटक घडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कायद्याचे कलम ६८ म्हणते की बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येणार नाही. बातमीदाराचे नाव न्यायालयापुढेही येत नाही, आणि ज्याचे नावच नाही त्याच्यावर गुन्हा नोंदवणार कसा?