न पडता तडकलेला डबा

आजीचा पानाचा डबा गेल्या दिवाळीत गावाकडून कोल्हापूरला आणला, तेव्हा त्याच्या झाकणाला चीर होती. वीतभर लांबीचा चौकोनी पितळी डबा. आत कात, सुपारी, लवंगेचे खण, चुन्याच्या डबीला वेगळी जागा आणि झाकणावर उठावाची वेलबुट्टी. चीर निघाली होती ती नेमकी कोपऱ्यातून, जिथं पत्रा दुमडून ठोकलाय तिथून. केसासारखी बारीक, पण आरपार. उजेडाकडे धरलं की प्रकाशाची रेघ दिसायची. आई म्हणाली, माळ्यावरून काढताना कुणीतरी पाडला असणार. 'कुणीतरी' म्हणजे अर्थातच मी.

दुरुस्तीला एका तांबटांकडे नेला. त्यांनी चिरेवरून नख फिरवलं आणि मान हलवली. "ह्यो आपटून फुटल्याला न्हाई. आपटला असता तर पोचा आला असता. पितळ दबतं, असं तडकत न्हाई." मग विचारलं, "ठेवला कुठं हुतासा? गोठ्यावर व्हय?"

डबा वीसेक वर्षं गोठ्यावरच्या माळ्यावरच होता. हे त्यांना कसं कळलं? "मुताची वाफ लागती पितळंला. गोठ्यावरची भांडी अशीच येत्यात." एवढं बोलून ते दुसऱ्या कामाला लागले. मी सुटलो, पण वाफेनं धातू तडकतो हे काही डोक्यातून जाईना.

हेच कोडं एके काळी ब्रिटिश लष्कराला पडलं होतं, आणि तेही हिंदुस्थानातच. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की बंदुकीची काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये ठेवून देत. पाऊस सरल्यावर बघावं तर कित्येक काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप चिरलेल्या. त्यातही चीर बहुधा गोळीवर पुंगळीची कड आवळून बसवलेली असते तिथंच. यामागचं कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडून दाखवलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळात आधीच कोंडून राहिलेला ताण. इंग्रजीत या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. आमच्या तांबटांनी दोनातली एक गोष्ट अचूक सांगितली होती. दुसरी त्यांच्या हातोडीखालीच होती.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पत्र्याच्या नेहमीच्या पितळात ढोबळमानानं दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त. हा धातू सलग दिसला तरी आत बारीक स्फटिकांचे दाणे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. थंड पत्रा ठोकला, वाकवला की हे दाणे ताणले जातात, आणि हातोडी थांबली तरी तो ताण तसाच राहतो. ठासून भरलेल्या पोत्यासारखं समजा. पोतं कोपऱ्यात गपगार उभं असतं, पण शिवण सगळा वेळ ताणलेली असते. उंदरानं एक टाका कुरतडला की पुढची शिवण आपसूक उसवत जाते.

इथला उंदीर म्हणजे अमोनिया. जनावरांच्या मुतात युरिया असतो. जिवाणू त्याचं अमोनियात रूपांतर करतात. बंद गोठ्यात शिरल्यावर नाकाडोळ्यांना झोंबतो तो हाच. पावसाळी हवेत पितळावर ओलाव्याचा न दिसणारा थर धरतो, अमोनिया त्यात विरघळतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं तांब्याला गडद निळ्या संयुगात ओढून नेतो. दाण्यांच्या सीमा हा त्यातल्या त्यात कच्चा भाग, म्हणून चीर बहुतेक तिथून वाट काढते. तोंड जरा उघडलं की आतला ताण ते आणखी फाकवतो, ताजा धातू उघडा पडतो आणि अमोनियाला पुढचा टाका मिळतो.

यात दोघांची साथ लागते. ताण नसलेलं पितळ अमोनियात काळं-निळं पडेल, हळूहळू झिजेल, पण असं फाटणार नाही. ताण असलेलं पितळ कोरड्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहील. जस्ताचं प्रमाणही महत्त्वाचं: ते साधारण १५ टक्क्यांच्या खाली असेल तर हा धोका बराच कमी होतो. आमच्या त्याच माळ्यावरचा तांब्याचा हंडा हिरवा पडला होता, पण धडधाकट होता.

कोल्हापुरात भवानी मंडपापासून फार लांब नसलेल्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी सापडला. रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली ही मूर्ती. इतकी शतकं मातीत राहून ती टिकली आणि आमचा डबा वीस पावसाळ्यांत चिरला, ही तुलना डब्यावर थोडा अन्याय करणारी आहे. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, त्यात जस्ताची भानगड नाही. शिवाय मूर्ती ओतीव. वितळलेला धातू साच्यात थिजतो, त्याला ठोकून वाकवावं लागत नाही, त्यामुळे कोंडलेला ताणही कमी.

काडतुसांवरचा उपाय साधा निघाला: घडवून झाल्यावर पितळाला ताव द्यायचा. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की दाणे सैलावतात आणि ताण बराचसा उतरतो, पण पितळ मऊ पडत नाही. तांबटही काम करताना मधूनमधून भांडं तापवतात, कारण ठोकून कडक झालेलं पितळ पुढं वळत नाही. फक्त शेवटच्या तावानंतर कोपरे दुमडताना जो ताण बसतो, तो भांड्यात राहून जातो.

जुने डबे हल्ली दिवाणखान्यात मांडायची हौस वाढलीय, त्यामुळे बनावट 'जुने' डबेही येतात. गंमत अशी की नव्या पितळाला झटपट म्हातारपण आणायला वापरतात त्या रसायनांतही अमोनिया असतो. असा रंग बहुधा सगळीकडे सारखाच चढतो. खरा जुना डबा हात लागतो तिथं, म्हणजे झाकणाच्या कडेला आणि कडीपाशी, गुळगुळीत उजळ असतो आणि नक्षीच्या खाचांत काळा. चिंचेनं घासलात तर टार्टारिक आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं, त्याचं फारसं भय नाही. पण राखेनं रगडून वेलबुट्टीच सपाट करू नका. काही पॉलिशमध्येही अमोनिया असतो. जुन्या ठोकीव डब्याला मी ते लावणार नाही.

आमच्या डब्याला तांबटांनी लगेच डाग दिला नाही, म्हणजे कथील वितळवून चीर बुजवली नाही. आधी मंद आचेवर सगळा डबा सारखा शेकला. घाई केली तर वितळलेलं कथील चिरेत शिरून ती आणखी पळवतं, म्हणाले. ताणलेल्या पितळाच्या बाबतीत हेही खरंच आहे. चीर बुजली, कोपऱ्यात रुपेरी रेघ तेवढी राहिली.

हे सगळं गावी काकांना फोनवर सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे गोठ्यातल्या नळाचा पितळी नट दर पावसाळ्यात चिरतोय, त्यो बी ह्याच्यापायीच व्हय? मी उगं त्या प्लंबरला शिव्या घालत हुतो."