उलट्या प्रवाहावर जगणारी कातडी

नाडी बघताना डॉक्टर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं टेकवतात. तिथे ठोके देते ती रेडियल धमनी. हात चिरडला किंवा खोल भाजला, तर हीच धमनी वरच्या कातडी-चरबीसकट उचलून जखमेवर फिरवता येते.

हाताच्या पाठीची कातडी गेली की टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं उघडी पडतात. मांडीची पातळ कातडी तिथे लावून भागत नाही. अशा कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सुरुवातीला ती जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगते, मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. उघडं हाड किंवा आवरण सोललेलं टेंडन तिला काहीच पुरवू शकत नाही. शिवाय टेंडनला सरकायला मऊ अस्तर हवं, नाहीतर जखम भरूनही बोटं जखडलेलीच राहतात. अशा ठिकाणी फ्लॅप लागतो, म्हणजे आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन येणारा कातडीचा तुकडा.

रेडियल धमनीवरचा हा फ्लॅप चीनमधल्या यांग गुओफान आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडला. त्यामुळे तो ‘चायनीज फ्लॅप’ म्हणूनही ओळखला जातो. जखम हातावर असेल, तर सर्जन धमनी कोपराच्या बाजूने तोडतात आणि मनगटाकडे जोडलेली ठेवतात. मग रक्त येतं कुठून? करंगळीच्या बाजूच्या अल्नर धमनीतून. तळहातात या दोन्ही धमन्या कमानींनी जोडलेल्या असतात. अल्नरचं रक्त कमानीतून वळून रेडियलमध्ये उलटं चढतं आणि फ्लॅप जगतो.

मला याहून थक्क करतात त्या शिरा. त्यांच्यातल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणजे उलटा प्रवाह अडायला हवा. पण धमनीच्या दोन्ही अंगांना दोन बारीक शिरा धावतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटा असतात. त्यांतून रक्त झडपांना वळसा घालून बाहेर पडतं.

काही हातांत या कमानी अपुऱ्या असतात. म्हणून आधी ॲलन चाचणी करतात: मूठ आवळायची, दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायची, मग फक्त अल्नर सोडायची. पांढरा पडलेला तळवा काही सेकंदांत गुलाबी झाला नाही, तर रेडियल धमनीला हात लावणं धोक्याचं. अंगठा आणि बोटं उपाशी राहू शकतात.

मांडीच्या सांध्याजवळच्या कातडीचा जुना उपाय वापरला, तर हात जवळपास तीन आठवडे तिथेच जोडून ठेवावा लागतो. इथे ती कैद नाही. गरजेनुसार फ्लॅपसोबत रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा तुकडा किंवा एखादं टेंडनही नेता येतं. पण मोठी धमनी कायमची खर्ची पडते आणि कातडी उचललेली जागा बहुधा पातळ कातडीने झाकावी लागते. तो खोलगट डाग अगदी दिसेल असा असतो, आणि आसपास बधिरताही येऊ शकते. काही जणांना तो वण मूळ जखमेपेक्षा जास्त सलतो, म्हणून त्याबद्दल शस्त्रक्रियेआधी स्पष्ट बोलायलाच हवं. वरची कातडी जागीच ठेवून फक्त चरबी आणि तिच्याखालचं आवरण फिरवणं, किंवा मुख्य धमनी शाबूत राखून तिच्या मनगटाजवळच्या बारीक फांद्यांवर फ्लॅप जगवणं, हे मार्ग हे तोटे टाळण्यासाठीच निघाले.