धावपटूच्या डोक्यातले एकोणऐंशी अंक

सेकंदाला एक या वेगानं कुणी अंक वाचत गेलं आणि ते त्याच क्रमानं परत म्हणायला सांगितले, तर बहुतेकांची गाडी सातच्या आसपास अडते. काम चालू असताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणाऱ्या कार्यकारी स्मृतीची ही मर्यादा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडली. पुढे नेल्सन कोवन यांनी ती आणखी खाली, चारपर्यंत आणली.

मग पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं ७९ अंक कसे म्हणून दाखवले? संशोधनात त्याला एस. एफ. म्हणतात. त्याचीही सुरुवात सातपासूनच झाली होती. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी त्याच्याकडून सुमारे २० महिन्यांत २३० तासांहून अधिक सराव करून घेतला. हा मुलगा शर्यतीत धावणारा. ३४९२ कानावर पडलं की त्याला ते ३ मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाच्या जवळची मैलाची वेळ वाटे! चार सुटे अंक त्याच्यासाठी एकच गोष्ट होत. धावण्याच्या वेळांत न बसणाऱ्या अंकांना तो वयं किंवा सनावळ्या करून टाकी.

मला यातली सगळ्यात मोलाची चाचणी पुढची वाटते. अंकांऐवजी अक्षरं दिल्यावर तो पुन्हा सहावर आला. म्हणजे इतक्या सरावानंतरही कार्यकारी स्मृती होती तेवढीच राहिली होती. सगळा भार पेलत होतं ते दीर्घकालीन स्मृतीत साठलेलं धावण्याचं ज्ञान. सत्राअखेरी विचारलं तरी त्या सत्रातले बरेच अंकगट तो सांगू शके, कारण ते ओळखीच्या गोष्टींना जोडून आत गेलेले असत.

पाढ्यांचंही असंच आहे. शाब्दिक उदाहरण सोडवताना सतरा आठे एकशे छत्तीस आपसूक आठवलं, तर कार्यकारी स्मृतीतली जागा प्रश्न समजून घ्यायला मोकळी राहते. ज्याला तिथेच गुणाकार मांडावा लागतो, त्याच्या डोक्यातून तोवर मूळ प्रश्न निसटतो. म्हणून ‘पाठांतर की आकलन’ हा वाद मला पटत नाही. नुसत्या घोकंपट्टीनं एस. एफ. ७९ वर पोहोचला नसता. मैलाच्या वेळांना त्याच्या लेखी अर्थ होता. त्याची पद्धत शिकलेला दुसरा एक धावपटू तर पुढे शंभराच्याही वर गेला.