आयोडीनचा एक थेंब आणि दूध पावडर: खुलासा

‘पाण्यात कालवलेल्या दूध पावडरीत आयोडीनचा थेंब टाका, निळा रंग आला नाही तर पावडर शंभर टक्के शुद्ध,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यावर विश्वास बसणं स्वाभाविक आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे.

आयोडीन फक्त स्टार्च (पिठातला पिष्टमय पदार्थ) ओळखतं. स्टार्चच्या मळसूत्री रेणूत ते अडकतं आणि निळा-काळा रंग दिसतो. खात्री हवी असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत चिमूटभर पीठ पाण्यात उकळून पूर्ण गार करा (गरम असताना रंग उमटत नाही), दुसरीत साखरेचं पाणी घ्या, आणि दोन्हींत आयोडीनचा थेंब टाका. पीठ निळं होईल, साखर होणार नाही. म्हणजे पावडरीत साखर मिसळलेली असली तरी ही चाचणी गप्पच राहणार. युरिया, मेलामाइन (प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं एक रसायन), वनस्पती तेल यांचंही तेच. चाचणीचा नमुना मात्र पोटात जाऊ देऊ नका.

प्रयोगशाळेतही एका चाचणीवर भागत नाही. प्रथिनांत नायट्रोजन असतो, म्हणून केल्डाल पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.38 ने गुणून प्रथिनं काढते. मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे 66 टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे प्रथिनांचा आकडा खोटाच फुगतो. म्हणून मेलामाइन वेगळं शोधावं लागतं, द्रव क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पद्धत) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत). परक्या तेलासाठी वायू क्रोमॅटोग्राफी: दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल असतं, नेहमीच्या खाद्यतेलांत नसतं.

उलट, निळा रंग आला की भेसळच, असंही नाही. आधी वेष्टनावरची घटकयादी वाचा. काही मिश्रणांत स्टार्च रीतसर घातलेला असतो.